मठातील सोळा वाफे

२०२० साली करोनाची साथ आली तेव्हा आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी घरांच्या चुलीवर काढ्याचे पातेले चढले. सुंठ, मिरी, तुळस, दालचिनी हे तर घरातलेच. पण कोणीतरी सांगितले म्हणून त्यात गुळवेलही पडू लागली. वाडीतल्या आंब्यावर किंवा कुंपणावर चढलेल्या ज्या वेलीकडे वर्षानुवर्षे कोणी वळून पाहिले नव्हते, तिच्या कांड्या एकाएकी मोलाच्या ठरल्या. पुढच्याच वर्षी, म्हणजे २०२१ मध्ये, मुंबईतील काही यकृततज्ज्ञांनी एक निबंध प्रसिद्ध केला. गुळवेलीचे सेवन केलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे त्यांनी त्यात नोंदविले होते. केंद्रीय आयुष मंत्रालयाने या निष्कर्षाला हरकत घेतली. रुग्णांनी घेतलेली वेल खरी गुळवेल नसून तिच्यासारखीच दिसणारी, तिच्याच कुळातील दुसरी वेल असू शकेल, असे मंत्रालयाचे म्हणणे पडले.

त्या वादात निवाडा देण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु त्यातून निघणारा एक प्रश्न आपल्या सर्वांच्या उंबरठ्यापर्यंत येऊन पोहोचतो. त्या दिवसांत आपण जी वेल तोडली ती नेमकी कोणती होती, हे आपल्यापैकी किती जणांना ठामपणे सांगता येईल? आपल्या आजीला ते बहुधा सांगता आले असते. आजी आणि आपण यांच्यामध्ये दोन पिढ्या गेल्या, वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या आणि झाडांची ओळख मधल्यामध्ये हरवली. आता अनेक तरुण कुटुंबे पुन्हा वनौषधींकडे वळू पाहत आहेत. त्यांचा पहिला प्रश्न एकच असतो : सुरुवात कोणत्या वनस्पतींपासून करावी?

हा प्रश्न नवा नाही. बाराशे वर्षांपूर्वी युरोपातील मठांत तो विचारला गेला होता आणि चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वी आपल्या गोव्यातही तो विचारला गेला. तेव्हाच्या जाणत्यांनी त्याची जी उत्तरे शोधली, ती आजच्या नवशिक्यालाही उपयोगी पडावीत, या हेतूने हा इतिहास येथे मांडीत आहोत.

श्रद्धा आणि औषध

आजारी माणसाने प्रार्थना करावी की औषध घ्यावे, असा पेच आरंभीच्या काळातील काही ख्रिस्ती भाविकांपुढे होता. पवित्र शास्त्राने तो फार पूर्वीच सोडविला होता. सिराक ग्रंथाच्या ३८व्या अध्यायात वैद्याचा मान राखण्यास सांगितले आहे आणि भूमीतून उगवणारी औषधे ही परमेश्वराचीच निर्मिती असल्याचे म्हटले आहे. त्याच अध्यायात आजाऱ्याला प्रार्थनेचीही आठवण करून दिली आहे. दोहोंत विरोध नाही, हे त्याचे तात्पर्य.

सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली, तिच्या ३६व्या प्रकरणात रुग्णसेवेला सर्व कामांत अग्रस्थान दिले आहे. रुग्णाची सेवा ही साक्षात ख्रिस्ताची सेवा मानावी आणि रुग्णांसाठी वेगळी खोली व मनापासून सेवा करणारा सेवक असावा, अशी त्यांची आज्ञा आहे. त्याच शतकात इटलीत कॅसिओडोरस या विद्वानाने आपल्या मठातील बंधूंना वनस्पतींचे गुणधर्म शिकून घेण्याचा सल्ला दिला. ग्रीक येत नसेल तर डायोस्कोरिडीसचा सचित्र वनस्पतिग्रंथ पाहावा, असे त्याने सुचविले. आणि भरवसा मात्र वनस्पतींवर नव्हे, तर परमेश्वरावर ठेवावा, असेही बजावले. मठांमधील औषधी बागांचे मूळ हे असे रुग्णसेवेच्या आज्ञेत आहे. बाग हौसेसाठी नव्हती. खाटेवर पडलेल्या बंधूसाठी होती.

एक नकाशा

स्वित्झर्लंडमधील सेंट गॅलन येथील मठाच्या ग्रंथालयात चर्मपत्राचा एक मोठा नकाशा जतन करून ठेवला आहे. नवव्या शतकाच्या पूर्वार्धात, साधारण ८२० ते ८३० च्या सुमारास, रायखेनाउ बेटावरील मठात तो काढला गेला आणि सेंट गॅलनचे मठाधिपती गोझबर्ट यांना पाठविण्यात आला. चर्मपत्राचे पाच तुकडे एकत्र शिवून तो तयार केला आहे. पुढे बाराव्या शतकात कोणा मठवासीयाने त्याच्या कोऱ्या पाठीवर संत मार्टिन यांचे चरित्र लिहिले आणि तो पुस्तकासारखा घडी करून ठेवला. त्यामुळेच हा नकाशा आजवर टिकला.

नकाशात दाखविलेला मठ प्रत्यक्षात तसाच्या तसा कधी बांधला गेला नाही. तो एक आदर्श आराखडा होता. म्हणूनच त्यात काय असावेसे वाटले, हे पाहणे उद्बोधक आहे. चर्च, शयनगृह, भटारखाना, शाळा, कोंबड्यांची खुराडी, सारे काही त्यात आहे. एका कोपऱ्यात रुग्णालय, त्याजवळ वैद्याचे घर, त्या घरात अत्यवस्थ रुग्णांची खोली आणि औषधांचे कोठार. आणि या साऱ्याला लागून एक छोटीशी औषधी बाग. भाजीपाल्याचा मळा वेगळा आहे आणि त्यात १८ वाफे आहेत. औषधी बागेत मात्र केवळ १६ वाफे आहेत आणि प्रत्येक वाफ्यात एकेकच वनस्पती आहे.

डायोस्कोरिडीसच्या ग्रंथात शेकडो वनस्पतींचे वर्णन होते आणि विद्वान मठवासीयांना ते ठाऊक होते. तरीही रोजच्या उपयोगासाठी त्यांनी १६ वनस्पती पुरेशा मानल्या. या सोळांची नावे वाफ्यांवर लॅटिनमध्ये लिहिलेली आहेत. लिली, गुलाब, सेज, रोझमेरी, सताप, आयरिस अशी काही नावे त्यांत आहेत. पण आपल्या गृहिणीने ती यादी वाचली तर तिला नवल वाटावे, कारण त्यांत मेथी आहे, जिरे आहे, बडीशेप आहे, पुदिना आहे आणि अभ्यासकांच्या मते चवळीच्या जातीची एक शेंगही आहे. आल्प्स पर्वताच्या पायथ्याशी बसलेल्या मठवासीयांच्या औषधी बागेतील कितीतरी वस्तू आपल्या मिसळणाच्या डब्यात आजही आहेत.

या यादीतील सर्वच वनस्पती घरगुती वापराला सुरक्षित आहेत, असे मात्र कोणी समजू नये. त्यांतील पुलेजियम नावाच्या पुदिन्याच्या जातीचे तेल यकृताला घातक असल्याचे आज आपल्याला ठाऊक आहे. सतापीचा रस अंगाला लागून वर ऊन लागले तर कातडीवर फोड उठतात. जुने म्हणून सारेच निर्धोक, हा समज मठाच्या बागेलाही लागू पडत नाही. आपण त्या नकाशाकडून यादी नव्हे, तर तिच्यामागची शिस्त घ्यावी : वनस्पती मोजक्या, प्रत्येकीला स्वतंत्र जागा, प्रत्येकीवर तिचे नाव आणि सारी बाग रुग्णाच्या खोलीजवळ.

चिडव्याची खाजकुयली आणि मातीचे हात

त्याच रायखेनाउ बेटावर वालाफ्रिड स्ट्राबो नावाचा एक बुद्धिमान मठवासी होऊन गेला. 'स्ट्राबो' म्हणजे तिरळा. हे टोपणनाव त्याने संकोच न करता धारण केले. सम्राट लुई यांच्या दरबारात तो राजपुत्र चार्ल्सचा शिक्षक होता. ८३८ मध्ये तो रायखेनाउचा मठाधिपती झाला आणि ८४९ मध्ये फ्रान्समधील ल्वार नदी ओलांडताना बुडून मरण पावला. त्याचे वय तेव्हा चाळीसच्या आसपास होते.

या स्ट्राबोने बागेवर ४४४ ओळींचे एक लॅटिन काव्य रचले आणि ते सेंट गॅलनचे मठाधिपती ग्रिमाल्ड यांना अर्पण केले. त्यात तेवीस-चोवीस वनस्पतींचे वर्णन आहे. काव्याच्या आरंभी बागेची जी अवस्था तो सांगतो ती वाचून कोणालाही आपले परसू आठवेल. वसंत ऋतू आला तेव्हा दाराबाहेरची ती जागा अंग खाजविणाऱ्या चिडव्या झुडपांनी भरून गेली होती. त्यांची मुळे जमिनीखाली एकमेकांत विणली गेली होती. त्याने ती उपटली, वाफे केले, कडेला फळ्या लावल्या, शेण घातले, उन्हाळ्यात हाताने पाणी घातले. आपण जे लिहितो ते लोकांच्या तोंडून ऐकलेले किंवा जुन्या ग्रंथांत वाचलेलेच केवळ नाही, तर स्वतः राबून पडताळलेले आहे, असे तो आवर्जून सांगतो. राजपुत्राचा गुरू शेणामातीत हात घालतो आणि त्या हातांचा दाखला देतो, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

पुदिन्याविषयी लिहिताना तो हात टेकतो. पुदिन्याचे प्रकार इतके आहेत की त्यांची मोजदाद करणे अशक्यच, असे तो म्हणतो. यातही नवशिक्यासाठी धडा आहे. आपल्याकडेही एका नावाखाली अनेक झाडे नांदतात. 'ब्राह्मी' म्हटले की कोणी पाणथळ जागेतील लहान, मांसल पानांची नीरब्राह्मी दाखवितो, तर कोणी गोल पानांचा कारिवणा. ज्याच्या दाण्यांनी पोटातील वायू सरतो तो ओवा निराळा आणि कुंडीतील जाड, लवदार पानांचा पानओवा निराळा. वास थोडासा सारखा, पण झाडे वेगळ्या कुळांतली. नाव कळले म्हणजे वनस्पती कळली, असे होत नाही.

गोव्यातील नवशिका

आता आपल्या भूमीकडे येऊ. १५३४ साली वसई पोर्तुगिजांच्या ताब्यात गेली. त्याच वर्षी गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यास उतरला. स्पेनमधील नामांकित विद्यापीठांत तो शिकला होता आणि लिस्बन येथे त्याने अध्यापनही केले होते. पण येथे आल्यावर त्याच्या ध्यानात आले की, या देशातील झाडापाल्याविषयी आपण केवळ नवशिके आहोत. ग्रीक व अरब ग्रंथांत वाचलेली औषधे येथे प्रत्यक्ष उगवत होती आणि ग्रंथांतील वर्णने पुष्कळदा त्यांच्याशी जुळत नव्हती.

मग या प्राध्यापकाने पुन्हा विद्यार्थी व्हायचे ठरविले. बाजारातील व्यापारी, दूरदूरचे प्रवासी, हिंदू वैद्य आणि मुसलमान हकीम या सर्वांना तो विचारीत राहिला. प्रत्येक वस्तूला निरनिराळ्या भाषांत काय म्हणतात, ती कोठून येते, खरी कशी ओळखावी, लबाड विक्रेता तीत काय मिसळतो, हे त्याने टिपून ठेवले. तीस वर्षांच्या या खटपटीचे फळ म्हणजे १० एप्रिल १५६३ रोजी गोव्यात छापून झालेला त्याचा पोर्तुगीज संवादग्रंथ होय. भारतातील मुद्रणाच्या अगदी आरंभीच्या ग्रंथांत त्याची गणना होते. मुंबईचे बेट ऑर्ताकडे पोर्तुगीज राजसत्तेकडून भाडेपट्ट्याने होते, ही गोष्टही येथे नमूद करण्याजोगी आहे.

या ग्रंथात पटकीच्या रोगाचे वर्णन येते. ऑर्ताने या रोगाचे दिलेले स्थानिक नाव आपल्या 'मोडशी' या शब्दाचेच रूप आहे. अशा रोग्याला येथील लोक मिरी व जिरे घातलेले तांदळाचे पाणी पाजतात आणि त्याला कांजी म्हणतात, हेही त्याने टिपले आहे. मोडशीत शरीरातील पाणी निघून गेल्याने माणूस दगावतो आणि ते पाणी तोंडावाटे परत देणे हा उपचाराचा गाभा आहे, हे विसाव्या शतकात वैद्यकशास्त्राने निर्विवाद सिद्ध केले. आज क्षार-साखरेच्या पाण्याबरोबर तांदळाच्या पिठाच्या क्षारपाण्याचाही वापर होतो. आपल्या पूर्वजांच्या पेल्यातील कांजी अगदीच निरर्थक नव्हती. त्याच ग्रंथात धोत्र्याचेही प्रकरण आहे. अन्नात धोत्रा कालवून घरातल्या माणसांना भ्रमिष्ट करायचे आणि चोरी साधायची, हा प्रकार त्याने सांगितला आहे. ज्या कुंपणावर औषध उगवते, त्याच कुंपणावर विषही उगवते.

ऑर्ताच्या कहाणीचा शेवट दुःखद आहे आणि ख्रिस्ती वाचकांपासून तो लपविणे उचित होणार नाही. त्याचे घराणे यहुदी धर्मातून ख्रिस्ती झालेले होते. १५६८ मध्ये तो मरण पावला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला गोव्याच्या धर्मन्यायासनाच्या शिक्षेनुसार जिवंत जाळण्यात आले आणि १५८० मध्ये खुद्द ऑर्ताच्या अस्थी थडग्यातून काढून जाळल्या गेल्या. धर्माच्या नावाने ख्रिस्ती लोकांनी केलेल्या अशा अन्यायांबद्दल पोप जॉन पॉल दुसरे यांनी १२ मार्च २००० रोजी रोम येथे परमेश्वराची जाहीर क्षमा मागितली. ज्या माणसाने सर्व धर्मांच्या जाणत्यांपुढे बसून शिकण्यात कमीपणा मानला नाही, त्याची आठवण ठेवणे हीदेखील त्या क्षमायाचनेशी सुसंगत अशी गोष्ट आहे.

एक फादर आणि तीन वैद्य

ऑर्तानंतर सुमारे शंभर वर्षांनी, कोचीन येथे, असाच एक थोर उद्योग झाला. डच अधिकारी हेंड्रिक व्हान ऱ्हेड याने मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा लॅटिन ग्रंथ सिद्ध केला. 'होर्तुस मलबारिकुस' म्हणजे 'मलबारची बाग' या नावाने तो १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅम येथे प्रसिद्ध झाला. त्यात ७४२ वनस्पतींचे वर्णन आहे. ऱ्हेड प्रॉटेस्टंट होता, तरी आरंभी त्याला मार्गदर्शन लाभले ते कार्मेल संघाचे नेपल्सवासी धर्मगुरू फादर मॅथ्यू ऑफ सेंट जोसेफ यांचे. फादरांना वनस्पतींचा दांडगा व्यासंग होता, परंतु त्यांनी काढलेली चित्रे ढोबळ होती. तेव्हा प्रत्यक्ष झाडे समोर ठेवून निष्णात चित्रकारांकडून नवी चित्रे काढून घेण्यात आली. ढोबळ चित्रावरून झाड ओळखता येत नाही, हे त्या मंडळींनी वेळीच जाणले.

झाडांचे गुण मात्र सांगितले ते येथील वैद्यांनी. इट्टी अच्युदन हे एळवा समाजातील मल्याळी वैद्य आणि रंगा भट, विनायक पंडित व आपू भट हे तीन कोंकणी वैद्य यांचा त्यात मोठा वाटा होता. ज्या समाजातून हे तिघे आले, तो मूळचा गोमंतकातला. पहिल्या खंडात त्यांचे कोंकणी भाषेतील, नागरी लिपीत लिहिलेले प्रमाणपत्र छापलेले आहे. आपण काय सांगितले व ते कसे पडताळले, याची ती त्यांच्या सहीची ग्वाही होय. झाडांच्या चित्रांवरही नागरीत नावे कोरलेली आहेत. कॅथलिक धर्मगुरू, प्रॉटेस्टंट अधिकारी, ब्राह्मण पंडित आणि एळवा वैद्य एका झाडाभोवती बसून त्याच्या नावाविषयी एकमत करीत आहेत, हे दृश्य आम्हांला फार मोलाचे वाटते.

आपला वाफा

हे एकमत किती महत्त्वाचे असते, याचा दाखला विसाव्या शतकाच्या अखेरीस बेल्जियमने दिला. १९९०च्या दशकाच्या आरंभी ब्रसेल्समध्ये वजन कमी करण्यासाठी चिनी वनौषधींच्या गोळ्या घेतलेल्या शंभराहून अधिक व्यक्तींची मूत्रपिंडे निकामी झाली. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. शोध घेता असे आढळले की, दोन निरनिराळ्या वनस्पतींची चिनी नावे जवळजवळ सारखी असल्याने एकीच्या जागी दुसरी, विषारी वनस्पती गोळ्यांत गेली होती. ही चूक केवळ नावाच्या सारखेपणातून झाली.

तेव्हा ज्या कुटुंबाला आज आरंभ करावयाचा आहे, त्याने काय करावे? इतिहासाचा निष्कर्ष आम्ही थोडक्यात सांगतो. सोळाही नकोत, पाच-सहा वनस्पती पुरेत. त्या अशा असाव्यात की ज्या आपण पिढ्यान्‌पिढ्या खात आलो आहोत आणि ज्यांच्या ओळखीत गफलत होण्याचा संभव कमी. तुळस, आले, हळद, ओवा, पुदिना आणि गवती चहा ही आमची यादी. सर्दी-पडसे, साधा खोकला, पोटातील वायू, मळमळ एवढ्याच किरकोळ दुखण्यांसाठी, स्वयंपाकात वापरतो तेवढ्याच बेताने त्यांचा उपयोग करावा. त्या सहज कुंडीत लावता येतात किंवा बाजारात मिळतात. सहा महिने त्या लावून, वापरून, त्यांचा वास आणि पान हाताला ओळखीचे झाल्यावर मगच सातव्या वनस्पतीचा विचार करावा.

ती सातवी कदाचित अडुळसा असेल. त्याच्या पानांतील एका द्रव्यावरून खोकल्यावरील ब्रोमहेक्सिन हे आधुनिक औषध तयार झाले, इतका त्याचा गुण खरा आहे. परंतु तोच अडुळसा गर्भवतीने घेऊ नये, कारण तो गर्भाशयाला आकुंचन आणतो. ज्या वनस्पतीत खरा गुण असतो, तिच्यात अपाय करण्याची शक्तीही असते. म्हणून गर्भवती, तान्ही बाळे आणि रक्त पातळ करणाऱ्या, मधुमेहाच्या वा अन्य नित्य गोळ्या घेणारी माणसे यांना कोणताही काढा डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. डॉक्टरांनी विचारले असता घरगुती औषध लपवूही नये. तीन दिवसांपेक्षा अधिक टिकणारा ताप, श्वास लागणे, छातीतील कळ, कावीळ, बाळाचे जुलाब ही वाफ्यावरची कामे नव्हेत. सेंट गॅलनच्या नकाशातही बागेशेजारी वैद्याचे घर होते, हे विसरू नये.

आणखी एक काम आहे आणि ते निकडीचे आहे. आपल्या धर्मग्रामांत अशा काही वृद्ध माता अजून हयात आहेत, ज्यांना वाडीतील प्रत्येक झुडपाचे नाव आणि गुण ठाऊक आहेत. त्यांच्या बोलीतील ती नावे पुष्कळदा कोणत्याही पुस्तकात सापडत नाहीत. घरातील मुलामुलींनी सुट्टीच्या दिवशी वही घेऊन त्यांच्याजवळ बसावे. झाडाचे नाव, पान वाळवून चिकटवलेले, ते कशासाठी व किती वापरीत आणि कोणाला देत नसत, एवढे लिहावे. नंतर ती वही वनस्पतिशास्त्राच्या एखाद्या शिक्षकाला दाखवून झाडाची ओळख पक्की करून घ्यावी. ऑर्ताने गोव्याच्या बाजारात आणि त्या तीन वैद्यांनी कोचीनला याहून वेगळे काही केले नव्हते. येत्या पावसाळ्यात चर्चच्या आवारातील एखादा रिकामा कोपरा सहा वाफ्यांसाठी मागून घेता आला आणि प्रत्येक वाफ्यावर नावाची पाटी लावता आली, तर या लेखाचे काम झाले असे आम्ही समजू.